कोरड्या विहिरींचा रकाना

नईमभाई, तुम्ही गेल्याला अजून आठवडाही झालेला नाही. तुमच्या छावणी भागातल्या घरून मी परत आले तेव्हा आमच्या गारखेड्यात नळाला पाणी आलं होतं. कितव्या दिवशी आलं ते विचारू नका. शेजारच्या सूनबाईंनी माझेही हंडे भरून ठेवले होते. चप्पल काढून खुर्चीत बसले आणि मनात पहिल्यांदा हेच आलं, की नईमभाईंना फोन करून सांगायला हवं, तुमच्या घरी केवढी माणसं जमली होती ते. फोन हातात घेतला आणि मग लक्षात आलं.

बाहेर मांडवात पुरुष होते. आम्ही बायका आतल्या खोलीत, अमिना भाभींच्या भोवती. तुम्हाला नेलं तेव्हा भाभी रडल्या नाहीत. भिंतीला टेकून बसल्या होत्या. एक बाई दुसरीला हळूच विचारत होती, "साब बोअरवेलवाले होते ना?" दुसरी म्हणाली, "नाही, टँकरचं काहीतरी बघायचे." मला वाटलं, सांगावं. पण काय सांगणार होते? की हा माणूस भूवैज्ञानिक होता, जन्मभर जिल्ह्यातल्या विहिरींचं पाणी मोजत हिंडला, आणि मी त्या मोजमापांचे तक्ते करायची? त्यातून पुढे काय झालं हे सांगायला अर्धा दिवस लागला असता, आणि माझ्यात तेवढा दम राहिलेला नाही.

मी भूजलाच्या कचेरीत नोकरीला लागले तेव्हा तुम्ही तिथले जुने झाला होतात. मी संख्याशास्त्र शिकून आलेली, विहिरीत कधी डोकावून न बघितलेली. पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला विचारलंत, "बाई, सरासरीवर विश्वास आहे तुमचा?" मी म्हटलं, "आहे." तुम्ही म्हणालात, "नक्को ठेवू." इथून आपलं भांडण सुरू झालं.

तुमचा जुन्या आकड्यांवर राग होता, आणि त्याचं कारण तुमच्या घरातच होतं. तुमचे अब्बा निजामाच्या काळात तालुका कचेरीत होते. सगळा कारभार उर्दूत, महिने फसली, म्हणजे निजामी कालगणनेचे, वर्ष आपल्यासारखं जानेवारीत सुरू न होणारं. पोलीस अॅक्शननंतर कारभार बदलला आणि अब्बांनी उतारवयात मराठी बाराखडी गिरवली. पावसाच्या जुन्या नोंदी मराठीत उतरवायचं काम त्यांच्या कचेरीत निघालं, तेव्हा फसली महिना कुठल्या इंग्रजी महिन्यात बसवायचा याचा मेळ कुणी नीट घातलाच नाही. एका वर्षाचा पाऊस दुसऱ्या वर्षात जाऊन पडला. अब्बांनी सांगून पाहिलं. नव्या साहेबांना घाई होती. तुम्ही हे सांगताना हसायचात, पण अब्बा त्या कागदांना हात लावायचे नाहीत हेही सांगायचात. एकदा तुटलेली मालिका जोडता येत नाही, हे तुमचं मत तिथून आलेलं होतं. माझं मत उलटं. जोडायला हवीच, नाहीतर आपण कुठून कुठं आलो हे कळणार कसं?

मग दिल्लीहून ती विचारणा आली. सगळ्या राज्यांच्या पाण्याच्या आकड्यांचं एक जाडजूड पुस्तक तिकडे निघायचं, आणि आपल्या जिल्ह्याचा आकडा पाहून तिथं कुणाला तरी शंका आली होती. पाऊस एवढा कमी आणि विहिरींची पातळी आधीच्या वर्षापेक्षा चांगली, हे कसं? साहेबांनी तो कागद तुमच्याकडे सरकवला. तुम्ही तो माझ्या टेबलावर ठेवलात आणि म्हणालात, "बाई, पाणी वर आलेलं नाही. आकडा वर आलाय."

मला पटेना, तेव्हा तुम्ही समजावून सांगितलंत. उन्हाळ्यात ठरलेल्या विहिरींची पातळी मोजायची. एखादी विहीर आटली असेल तर पातळीच नाही, मग लिहायचं काय? म्हणून तिच्यापुढं आडवी रेघ. सरासरी काढताना रेघ धरता येत नाही, म्हणून ती विहीर गळायची. बऱ्या पावसाच्या वर्षी सगळ्या विहिरी हिशेबात असायच्या. दुष्काळी वर्षी फक्त नाल्याकाठच्या, जिवंत झऱ्याच्या विहिरी उरायच्या, आणि त्यांची सरासरी झकास यायची. जितक्या जास्त विहिरी कोरड्या, तितका जिल्हा पाणीदार. ही सरासरी मी स्वतः काढत होते आणि काढताना मला एकदाही काही खटकलं नव्हतं. खटकावं असं त्या कागदावर काही नव्हतंच.

"चला, पिशोरला जाऊन बघू," तुम्ही म्हणालात. पिशोरचा आकडा त्या वर्षी फारच सुंदर होता.

ती जीप, तो कन्नड तालुक्याकडचा रस्ता, तो धुरळा मला आज बाकी बरंच पुसट झालेलं असतानाही आठवतो. गावाबाहेरच्या वस्तीवरची विहीर आपल्या यादीत होती. आपण वाकून पाहिलं तर तळाशी नुसता गाळ. पण नोंदीत तर चांगली पातळी लिहिलेली. शेजारच्या घरातून आवाज आला, म्हणून आपण आत गेलो. गयाबाई नावाच्या एक बाई बाजेवर पडल्या होत्या, पाय प्लास्टरमध्ये.

"मोजणारा आला व्हता की," त्या म्हणाल्या. "आमच्या हिरीत वाकून बघितलं अन् गेला नाल्याकडं. तिथल्या हिरीत पट्टी सोडली."

"मग टँकर?" तुम्ही विचारलंत.

"टँकर मागितला तर म्हणं, तुमच्या गावाला पाणी हाय, कागदावर लिवलंय."

"आई, मग त्या नाल्यावरच्या विहिरीचं पाणी तुम्ही का नाही आणत?"

"ती दुसऱ्याची हाय. आमाला भरू देत नाय." त्यांनी पायाकडं बघितलं. "म्हून आमच्याच हिरीत उतरायची मी. खाली झिरपा व्हता थोडा, वाटीनं वाटीनं हंडा भरायचा. चढताना पाय निसटला. मी काय हौसंनं उतरले व्हय?"

तुम्ही त्यांना माफ करा म्हणालात. त्या म्हणाल्या, "तुमी कशाला? तुमी तर आज आले." तुम्ही उठून बाहेर गेलात आणि विहिरीच्या कठड्याला टेकून उभे राहिलात. मी आत गयाबाईंना प्यायला पाणी हवं का विचारलं, आणि विचारल्यावर मला माझीच लाज वाटली. घरात पाणी असतं तर त्या बाजेवर कशाला असत्या?

परतीच्या वाटेवर आपण जे भांडलो ते शेवटपर्यंत मिटलं नाही. तुमचं म्हणणं, या वर्षापासून नीट मोजू आणि मागच्या सगळ्या आकड्यांवर लिहून टाकू, तुलना करण्याजोगे नाहीत. मी म्हणत होते, असं केलंत तर पाणी खाली चाललंय हे कधीच सिद्ध होणार नाही, दर वर्ष पहिलंच वर्ष होऊन बसेल. आपल्याला विहिरीची खोली माहीत आहे. आटली म्हणजे पाणी निदान तळाच्या खाली गेलं, मग तिथं तळाची खोली धरून मागचे आकडे दुरुस्त करू.

"आणि तळाच्या खाली किती गेलं, ते?"

"ते नाही कळणार. पण रेघेपेक्षा बरं."

"अंदाज आहे तो, बाई."

"नईमभाई, सगळी सरासरी अंदाजच असते."

"हौ, तेच तर पहिल्या दिवसापासून सांगतोय."

ड्रायव्हर हसायला लागला, आपण दोघं नाही हसलो.

त्या हिवाळ्यात आपण दोन्ही केलं. तुम्ही गावोगाव जाऊन मोजायची विहीर पुन्हा नक्की केलीत. पातळी कठड्यावरून मोजायची की जमिनीवरून, हेही गावागणिक वेगळं होतं, तेही एक केलंत. मी मागच्या वर्षांचे तक्ते उघडले. मधल्या काळात जालना वेगळा जिल्हा झाला होता, त्यामुळे जुन्या औरंगाबादच्या आकड्यांतून त्या विहिरी निवडून बाजूला काढायच्या होत्या. डोळे चुरचुरायचे. शेवटी सरासरीच्या शेजारी आपण एक नवा रकाना घातला, कोरड्या विहिरींचा. एवढीच काय ती क्रांती. सरासरी काय म्हणते ते म्हणू दे, तिच्या शेजारी लिहिलेलं असेल की ठरलेल्या विहिरींपैकी इतक्या कोरड्या. मग वाचणाऱ्याला फसवता येणार नाही.

नोंद वर पाठवायची तर सही हवी. मसुद्यावर आपल्या दोघांची नावं होती. अंतिम कागद आला तेव्हा त्यावर तुमचं एकट्याचं नाव. मी चिडले. "माझी सही का नको?" तुम्ही म्हणालात, "दोघं गेलो तर पुढच्या वर्षी रकाना कोण भरणार?" तुम्हाला काय होणार ते आधीच कळलेलं होतं. मला मात्र विचारलं नव्हतंत. याचा राग मी कधी पुरता सोडला नाही आणि याचे उपकारही कधी फेडता आले नाहीत. दोन्ही एकाच जागी राहिले आहेत.

साहेबांच्या खोलीतलं बोलणं दाराबाहेर ऐकू येत होतं. "बाकीच्या जिल्ह्यांनी हे केलेलं नाही. आपणच का उघडं पडायचं? आपला जिल्हा सगळ्यात खाली दिसतोय!"

"साहेब, सगळ्यात खाली आहे म्हणून नाही. आपणच खरं लिहिलंय म्हणून."

"म्हणजे तुलना बिघडवली ना तुम्ही?"

त्यांचं अगदीच चूक नव्हतं, नईमभाई. हे मी तेव्हा तुम्हाला म्हटलं नाही. एकट्यानं खरं मोजलं तर तो एकटाच वाईट दिसतो. सगळ्यांनी एका मापानं मोजल्याशिवाय तुमच्या खऱ्याला अर्थ नव्हता. पण कुणीतरी सुरुवात केल्याशिवाय सगळे कुठून करणार? साहेबांनी कागद मागे घ्यायला सांगितला. तुम्ही घेतला नाहीत. उन्हाळ्याआधी तुमची बदली झाली, विदर्भाच्या पार पूर्वेला. भाभी, मुलं आणि तुमच्या आई, अम्मीजान, इथंच राहिले.

तुम्ही नसताना मी दर वर्षी तो रकाना भरत राहिले. नव्या साहेबांनी त्याकडे लक्ष दिलं नाही, आणि तेच बरं झालं. अम्मीजान गेल्या त्या उन्हाळ्यात मी छावणीत आले होते. तार तुम्हाला मिळेपर्यंत आणि तुम्ही गाड्या बदलत पोचेपर्यंत दफन होऊन गेलं होतं. तुमच्यात थांबवत नाहीत. दुसऱ्या दिवशी तुम्ही ऑफिसात आलात. मला वाटलं, बसाल, काही बोलाल. तुमची दाढी वाढलेली होती. उभ्या उभ्याच विचारलंत, "रकाना गेला का या वर्षी?"

मी म्हटलं, "गेला."

तुम्ही मान हलवलीत आणि निघालात. एवढं सगळं झालं ते परवडलं का, हा प्रश्न त्या दिवशी माझ्या ओठावर आला होता. नंतर कितीतरी वेळा आला. विचारला नाही तो नाहीच.

पुढे दिल्लीत एक बैठक भरली. सगळ्या राज्यांचे लोक एकत्र बसून मोजण्याची एकच पद्धत ठरवणार होते. तुमचं नाव कुणी पाठवलं नाही, म्हणून मला जावं लागलं. मोठ्या खोलीत, मोठ्या टेबलाशी, मी आपला तक्ता दाखवला. मग राजस्थानकडून आलेले एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, की आमच्याकडेही आटलेली विहीर यादीतून जाते. त्यांच्या पाठोपाठ आणखी एक बोलले. मग आणखी एक. कुणालाच हे नवीन नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं, आपल्याकडेच असं होतं. मी त्यांना पिशोरच्या गयाबाईंबद्दल सांगितलं. ते टिपणात कुणी लिहून घेतलं नाही, पण जेवताना दोघांनी विचारलं, की त्या बाई चालायला लागल्या का? लागल्या होत्या, लंगडत. टँकरही यायला लागला होता.

सगळ्या देशाच्या छापील तक्त्यात तो रकाना यायला त्यानंतरही काही वर्षं गेली. आला त्या दिवशी मी तुम्हाला ट्रंककॉल लावला. आवाज खरखरत होता. मला वाटलं, तुम्ही खूश व्हाल. तुम्ही म्हणालात, "चला. आता सगळे सारखेच वाईट दिसू." मग विचारलंत, "बाई, मागच्या आकड्यांचं काय केलं त्यांनी?"

"दुरुस्त करून घेतले. माझ्या पद्धतीनं."

"चूक केली," तुम्ही म्हणालात, आणि फोन कट झाला. तुम्ही ठेवलात की लाइन गेली, ते मला आजही माहीत नाही.

निवृत्तीनंतर मी छावणीत यायची तेव्हा चहाबरोबर हेच चालायचं. भाभी बशा ठेवून जायच्या आणि म्हणायच्या, "फिर शुरू?" आता विहिरींवर यंत्रं बसली आहेत, पातळीची नोंद आपोआप वरच्या कचेरीत जाते, असं मी कौतुकानं सांगितलं तर तुम्ही विचारलंत, "बॅटरी संपली की काय लिहितात?" मी चौकशी केली. रिकामं ठेवतात, नईमभाई. आणि रिकामं म्हणजे कोरडी की बंद, हे वाचणाऱ्याला कळत नाही. हे ऐकून तुम्ही इतके हसलात की ठसका लागला. मला हसू आलं नाही. वाटलं, आता पुन्हा कुणी पहिल्यापासून करायचं?

शहराचं नाव बदललं तेव्हाही तुम्ही फक्त एवढंच म्हणालात, "तळटीप लागेल बाई तक्त्याला."

शेवटच्या महिन्यांत तुमच्या मूत्रपिंडांनी दगा दिला आणि डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं. मी भेटायला आले तेव्हा तुमची मुलगी रागावली होती आणि तुम्ही तिच्याशी वाद घालत होतात. चहातलं पाणी यात धरायचं का? वरणातलं? औषधाबरोबरचा घोट? "पहिले व्याख्या ठरवा," तुम्ही तिला म्हणालात. ती हसली आणि हसता हसता बाहेर जाऊन रडली. तुमचे ओठ सुकलेले होते. मी विचारलं, फार तहान लागते का? तुम्ही म्हणालात, "लागते." एवढं साधं उत्तर तुम्ही मला कधी दिलं नव्हतं.

त्या दिवशी तरी मी माझा प्रश्न विचारायला हवा होता. तुम्ही दमला होतात, मी दमले होते, आणि आपण इकडचं तिकडचं बोललो.

परवा तुम्हाला नेल्यावर बायका हळूहळू पांगल्या. खोलीत भाभी आणि मी दोघीच उरलो. माझ्या डोळ्यांना धार लागली होती. भाभींनी मला पाणी आणून दिलं आणि म्हणाल्या, "बाई, तुम रो रहे, मेरेकू रोनाच नहीं आरा."

मी त्यांचा हात धरला.

"मी रागात आहे," त्या मराठीत म्हणाल्या. माझ्याशी त्या नेहमी मराठीतच बोलतात. "लई वर्षं झाली. ते तिकडं गेले तेव्हा मुलं केवढी होती? लहाना तर तापानं फणफणायचा. अम्मीजान रात्रंदिवस त्यांचं नाव घ्यायच्या. मी एकटी. लोक म्हणायचे, तुमचा माणूस खरा आहे. मी म्हणायची, हौ, खरा आहे. पण सही करायच्या आधी मला एकदा विचारायचं होतं की नाही? मी नाही म्हटलं असतं का? नसतं म्हटलं. सही करा म्हटलं असतं. पण विचारायला पाहिजे होतं."

"तुम्ही त्यांना हे कधी..."

"नाही. सुट्टीवर यायचे ते थकूनच यायचे. मग म्हातारे झाले. मग आजारी पडले. आजारी माणसाला काय बोलायचं?" त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "तुम्ही त्यांच्याशी भांडायचात. मला हेवा वाटायचा."

मग त्यांना रडू आलं. खूप वेळ. मी त्यांना धरून बसले. बाहेर पुरुष परत आल्याचे आवाज आले, कुणीतरी दारावर हळूच टकटक केलं आणि निघून गेलं.

हे सगळं परवडलं का, या एका प्रश्नाचं उत्तर मला तुमच्याकडून हवं होतं, नईमभाई, आणि इतकी वर्षं मी समजत होते की तो विचारायचा हक्क माझा आहे. तो भाभींचा होता. त्या विचारू शकल्या नाहीत. मी ठरवलंय, दर शुक्रवारी छावणीत जायचं. गुडघे चालू देतील तोवर. त्यांना जे बोलायचं आहे ते ऐकायचं, आणि त्यात सरासरीचं नाव काढायचं नाही.

निघताना त्या म्हणाल्या, तुम्ही लिहिता ना, त्यांना लिहा हे. म्हणून लिहिलं. भाभींनी सांगितलेलं जसंच्या तसं वर आहे, मी त्यात काही दुरुस्त केलेलं नाही. एवढं ऐकून घ्या. मध्ये बोलू नका.